राजापूर लोकसभा मतदारसंघ एकदा पुसलात, पुढच्या वेळी कात्री चालवण्याआधी आमचं ऐकून घ्या

मा. निवडणूक आयोग, आणि पुढच्या जनगणनेनंतर जो मतदारसंघ पुनर्रचना आयोग बसेल त्याचे अध्यक्ष व सदस्य,

नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातली एक मतदार. एक प्रसंग आधी सांगते म्हणजे मी का लिहितेय ते कळेल. २००९ ची लोकसभा, मी आजीला घेऊन मतदानाला निघाले होते, आमच्या वाडीतून पाखाडी उतरायची, वहाळावरचा साकव ओलांडायचा आणि मग मराठी शाळा, आजीला हे सगळं उतरायला अर्धा तास लागला कारण गुडघे गेलेले. शाळेच्या भिंतीवर कागद चिकटवलेला, त्यावर "४६ रत्नागिरी-सिंधुदुर्ग". आजीला वाचता येत नव्हतं म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवलं. ती देवगडकडची, शेवटपर्यंत मालवणीच बोलायची. म्हणाली, "मगे आमचा राजापूर खंय गेला?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पुनर्रचना झाली, दोन मतदारसंघ मोडून नवा केला, असं काहीतरी सांगितलं. ती मत देऊन आली आणि पाखाडीच्या पायरीवर बसून राहिली बराच वेळ. तिने आयुष्यभर राजापूरसाठीच मत दिलेलं हो, नाथ पैंपासून.

ते उत्तर मला आता तुमच्याकडून हवंय, आणि त्याहून जास्त म्हणजे २०२७ च्या जनगणनेनंतर परत नकाशे पसरले जातील तेव्हा हीच गोष्ट परत होऊ नये म्हणून हे लिहितेय.

राजापूर काय होतं ते आधी सांगू दे. १९५२ ला पहिली निवडणूक झाली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे भाग होते, उत्तरेतून आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले निवडून आले. राजापूर हे नाव १९५७ ला आलं. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, आणि त्या एका निवडणुकीत आमच्या जिल्ह्याने काय केलं बघा, रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर आणि राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै. जनसंघाचे त्या वर्षी देशभरात ४ खासदार आले होते, त्यातले एक अटलबिहारी वाजपेयी आणि एक आमचे. म्हणजे एकाच जिल्ह्यातून एक जनसंघी आणि एक समाजवादी, दोघेही मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणणारे. इथल्या लोकांनी पक्षाचा झेंडा बघून शिक्का मारला नाही, मुद्दा बघितला आणि माणूस बघितला.

नाथ पै वेंगुर्ल्याचे, १९२२ चा जन्म. लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन कोकणात उभे राहिले. १९५७, १९६२, १९६७ असे तीनदा आम्ही त्यांना पाठवलं. आजोबा सांगायचे की पेट्रोमॅक्सच्या उजेडात सभा असायची आणि लोक दोन-दोन डोंगर उतरून यायचे, भाषण कळायचं किती ते माहीत नाही पण घरी जाताना अंधारात त्याच भाषणावर बोलत जायचे. १९६७ ला गोलकनाथ केसचा निकाल आला की संसदेला मूलभूत हक्कांमध्ये बदल करता येणार नाही, तेव्हा नाथ पैंनी खाजगी विधेयक आणलं की हा अधिकार संसदेकडे हवा. देशभर त्याच्यावर चर्चा झाली, बाजूने पण आणि विरोधात पण. त्यांच्या हयातीत ते मंजूर झालं नाही, १९७१ मध्ये २४ व्या घटनादुरुस्तीने जे झालं ते तेच. मला स्वतःला त्यांचं ते मत पूर्ण पटतं असं नाही, पण ज्या भागात रस्ता नव्हता, वीज नव्हती, घरटी एक माणूस गिरणीत, त्या भागाचा खासदार राज्यघटनेच्या गाभ्यावर सगळ्या देशाला विचार करायला लावतो याचा अभिमान मला अजून वाटतो. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात ते गेले, ४८ वर्षांचे होते फक्त.

दीड-दोन महिन्यांत निवडणूक आली. गरिबी हटावची लाट, इंदिरा गांधींच्या नावावर कोणीही निवडून येत होतं, आणि राजापूरने निवडले मधु दंडवते. ते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक, आमच्या भाषेत सांगायचं तर बाहेरचे. प्रजासमाजवादीला त्या वर्षी अख्ख्या देशात २ जागा मिळाल्या, एक पश्चिम बंगालात आणि एक राजापूर. हे वाक्य परत एकदा वाचा प्लीज, कारण पुढे तुम्ही जेव्हा "लोकसंख्या कमी" असं लिहिता तेव्हा या मतदारसंघाचं वजन काय होतं ते डोळ्यासमोर असू दे.

पुढे आणीबाणी. दंडवते बंगळूरला संसदेच्या कामासाठी गेलेले, तिथेच वाजपेयी-अडवाणींबरोबर त्यांना अटक झाली, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. १९७७ ला जनता पक्षातून परत निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर फोम घालायचा निर्णय त्यांचा. आज स्लीपरमध्ये जो माणूस पाठ टेकून झोपतो त्याला हे माहीत नसेल पण त्याच्या आधी सामान्य माणूस अख्खी रात्र लाकडावर काढायचा. १९८० ला इंदिरा गांधी परत आल्या, तरी राजापूर दंडवत्यांकडेच. आणि १९८४, ते वर्ष तर सगळ्यात मोठं. इंदिरा गांधींची हत्या झालेली, देशभर काँग्रेसला ४०० च्या वर जागा, महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ काँग्रेसच्या, ग्वाल्हेरमध्ये वाजपेयी पडले, आणि उरलेल्या ५ मध्ये एक राजापूर. १९८९ ला परत दंडवते, या वेळी अर्थमंत्री.

म्हणजे १९५७ ते १९९१ ही ३४ वर्षं आणि खासदार फक्त दोन. दोघेही कधी ना कधी लाटेच्या विरुद्ध निवडून आलेले, दोघांकडे पैसा नाही, साखर कारखाना नाही, बँक नाही. घाटावर निवडणूक कशी चालते ते मला माहितीय, माझं सासर तिकडचं आहे, त्यामुळे मी फरक बघून सांगतेय.

आता १९९१ बद्दल लिहिताना मला अजून वाईट वाटतं. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभं राहिलं, आमच्या किती पिढ्यांचं ते स्वप्न होतं, आणि पुढच्याच निवडणुकीत आम्ही दंडवत्यांना पाडलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. सावंतांवर माझा काही राग नाही, लोकांनी निवडलं म्हणजे निवडलं. मी शाळेत होते तेव्हा. आजोबांनी रेडिओवर बातम्या ऐकल्या, रेडिओ बंद केला आणि काही न बोलता पोफळींना पाणी लावायला गेले, दुपारी जेवायला पण आले नाहीत. २६ जानेवारी १९९८ ला रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा ते नव्हते. त्यांना राजापूर रोड स्टेशन बघायला मिळायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

१९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू, ते चार वेळा. त्यांचा काळ मी थोडक्यात सांगते कारण तो तुम्हाला माहीत असेल, वाजपेयींच्या सरकारात पर्यावरण, मग ऊर्जा खातं, २००२ ला पक्षाने मंत्रिपद सोडायला लावलं तरी २००४ ला राजापूरने त्यांना परत पाठवलं. पुढे २०१४ ला तेही रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा राज्यसभेतून, कारण तोपर्यंत राजापूरच शिल्लक नव्हतं.

१९५७ ते २००९, म्हणजे ५२ वर्षांत चार खासदार. त्यातले तीन केंद्राच्या राजकारणात किंवा संसदेत देशाला माहीत असलेले. आणि हा मतदारसंघ न्या. कुलदीप सिंग यांच्या पुनर्रचना आयोगाने २००१ च्या जनगणनेचे आकडे बघून संपवला.

आता तुमचा हिशोब. तो मी केलाय, तुमच्या बाजूने पण करून बघितला. २००८ च्या आधी कुलाबा, रत्नागिरी, राजापूर असे तीन मतदारसंघ होते, त्यानंतर रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन राहिले. तिकडे ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू असे दोन होते त्याचे चार झाले, पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख, ४८ ने भागलं तर एका खासदारामागे साधारण २३ लाख ४१ हजार माणसं. रत्नागिरी जिल्हा १६ लाख १५ हजार, सिंधुदुर्ग ८ लाख ४९ हजार, दोन्ही मिळून २४ लाख ६४ हजार. म्हणजे दोन खासदार मागायला आकडा कमी पडतो हे मला दिसतंय, मी आंधळेपणाने मागत नाहीये.

पण मग मला एवढंच सांगा, दोन जिल्हे मिळून जवळजवळ बरोब्बर एका खासदाराची लोकसंख्या होत असताना दापोली आणि गुहागर तोडून रायगडला का जोडले? दापोलीतल्या माणसाचा कलेक्टर रत्नागिरीला, एसपी रत्नागिरीला, जिल्हा परिषद रत्नागिरीला, आणि खासदार रायगडचा. रस्त्याचं काम अडलं तर तो जिल्ह्याच्या बैठकीत कोणाकडे बघणार? विधानसभेचं तर त्याहून वाईट, खेड गेलं, संगमेश्वर गेलं, देवगड गेलं, मालवण आणि वेंगुर्ला ही नावं गेली. पन्नास-साठ वर्षं ज्या नावाने लोक आमदाराला ओळखायचे ती नावं एका गॅझेटमध्ये संपली, आणि तुमच्या आयोगाच्या आदेशाला कोर्टात पण सहसा आव्हान देता येत नाही, म्हणजे आम्ही जायचं कुठे?

आणि लोकसंख्या कमी झाली म्हणजे काय झालं ते पण ऐका. २००१ ते २०११ मध्ये राज्यात बहुतेक सगळीकडे माणसं वाढली आणि आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कमी झाली. रत्नागिरीत ८० हजारांच्या वर माणूस कमी. ती माणसं मेली नाहीत हो, ती डोंबिवलीत, दिव्यात, नालासोपाऱ्यात, विरारला भाड्याच्या खोलीत आहेत, त्यांच्या आई आणि बायका गावाला आहेत, २०११ ला रत्नागिरीत १,००० पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, हा आकडा दुसरं काय सांगतो? आमचीच माणसं मोजून कल्याण आणि पालघरला जागा मिळाल्या आणि तीच माणसं गावात दिसली नाहीत म्हणून आमची जागा गेली. ते तिकडे राहतात, तिकडे मत देतात, ते बरोबर आहे, दोनदा मोजा असं मी म्हणत नाही. पण त्यांचं घर, त्यांची शेती, त्यांची म्हातारी माणसं, देवाचा मान, सगळं इथे आहे आणि या सगळ्याचा रस्ता, पाणी, दवाखाना इथल्या खासदाराला बघायचाय.

आता २०२७ ची जनगणना, संदर्भ तारीख १ मार्च. माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आमच्याकडे या आणि बघा, वाडीत वीस घरं असतील तर सात-आठ घरांना कुलूप. शिमगा त्यानंतर तीन आठवड्यांनी, मे महिना लांब, गणपती त्याहून लांब. कुलपाचं काय होतं ते माझ्या घरात झालंय. वडील रिटायर झाल्यावर गावाला येऊन राहिले, पण आईच्या दवाखान्यासाठी महिना-दोन महिने मुंबईला गेले होते, तेवढ्यात मतदार यादी तपासायला माणूस येऊन गेला, घर बंद दिसलं, शेजारच्यांना विचारलं असेल-नसेल, नाव उडालं. मतदानाच्या दिवशी सकाळी सातला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून वडील रांगेत उभे राहिले, चाळीस मिनिटांनी नंबर आला आणि टेबलावरच्या माणसाने यादीवर बोट फिरवून सांगितलं की नाव नाही. त्यांनी वाद घातला नाही, मागे वळून आले. त्या माणसाला पण काय बोलणार, त्याच्या हातात जी यादी दिली ती तो बघत होता.

दुसरी गोष्ट जी मला खूप लागते. माणसं मोजताना आम्ही कमी, पण प्रकल्प आणायचा असला की राजापूर सगळ्यांना आठवतं. जैतापूरचा अणुप्रकल्प राजापूर तालुक्यात, माडबनला, ९,९०० मेगावॅट. नाणारची रिफायनरी राजापूर तालुक्यात, ती २०१९ च्या निवडणुकीआधी रद्द केली. मग बारसू, २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणाला विरोध करायला बायका रणरणत्या उन्हात बसल्या होत्या, जवळच कातळशिल्पं आहेत जी हजारो वर्षं जुनी मानतात. प्रकल्प हवा की नको यावर आमच्यात दोन मतं आहेत, माझ्या घरात पण आहेत, ते सोडा. ज्या तालुक्यावर देशाच्या विजेचे आणि तेलाचे एवढे मोठे निर्णय ठरतात त्याचा आवाज दिल्लीत मोठा हवा की लहान, एवढंच विचारते.

नवीन मतदारसंघ कसा चाललाय ते निकालावरून बघा. २००९ ला निलेश राणे, २०१४ आणि २०१९ ला विनायक राऊत, दोन्ही वेळा दीड लाखाच्या वर लीड, २०२४ ला नारायण राणे ४७,८५८ मतांनी. २०२४ चे विधानसभावार आकडे उघडा, चिपळूण, रत्नागिरी, राजापूरमध्ये राऊत पुढे आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत राणे पुढे. जिथे दोन जिल्ह्यांची हद्द आहे बरोब्बर तिथेच मतांची रेषा आहे. चिपळूणपासून बांद्यापर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, त्यात हायवेचं काम इतकी वर्षं रखडलेलं, उमेदवार प्रचाराला एका वाडीत दहा मिनिटं थांबतो आणि गाडीत बसतो, त्याचा पण दोष नाही, त्याला पुढची दोनशे गावं दिसत असतात. नाथ पैंसारखं रात्रभर थांबून बोलणारं कोणी आता निघालं तरी त्याला ते जमणार कसं?

कायद्यात मार्ग नाही असं नाहीये. पुनर्रचना कायद्यातच लिहिलंय की भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय बघायची. जम्मू-काश्मीरमध्ये न्या. रंजना देसाईंच्या आयोगाने २०२२ ला जिल्ह्यांचे तीन प्रकार केले आणि डोंगराळ, अवघड भागासाठी सरासरीपेक्षा १० टक्के कमी-जास्त चालवून घेतलं. आपल्याच मराठी न्यायमूर्तींनी केलेलं काम आहे ते, मग सह्याद्रीच्या पायथ्याशी तेवढी सूट द्यायला काय हरकत आहे? आमच्याकडे पण एका गावाच्या आठ वाड्या आठ डोंगरांवर असतात.

म्हणून माझं मागणं आहे, आणि मी ते फार विचार करून लिहितेय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची आणखी तोडफोड करू नका. नव्या आकड्यांत आम्ही थोडे कमी पडलो तर ती १० टक्क्यांची सूट आम्हाला द्या. दापोली आणि गुहागर आपल्या जिल्ह्यात परत आणा, म्हणजे निदान कलेक्टर आणि खासदार एका बैठकीत बसतील. नावात राजापूर परत घाला, मोठं नाव झालं तरी चालेल, लोक म्हणतील ते.

आणि सुनावणी. मसुदा गॅझेटमध्ये आणि दोन पेपरांत छापून येतो, हरकतींची तारीख असते, मग कुठल्यातरी मोठ्या शहरात एक दिवस जाहीर सुनावणी. आमच्या वाडीत गॅझेट कोणी बघत नाही. मसुदा ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, मराठीत, नकाशासकट. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना पाठवा, प्रत्येक गावाचं मंडळ आहे परळ-लालबागपासून विरारपर्यंत, त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, एका दिवसात सगळीकडे पोचेल. सुनावणी दापोली, राजापूर आणि कुडाळला घ्या, आणि शक्य असेल तर मे महिन्यात घ्या, तेव्हा चाकरमानी गावात असतो, घरं उघडी असतात. पावसात घेऊ नका, जुलैत अर्जुना नदीचं पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरतं आणि साकव बंद होतात, म्हातारी माणसं येऊ शकणार नाहीत. तारीख निदान महिनाभर आधी कळवा म्हणजे लोकांना रजा टाकता येईल आणि रेल्वेचं तिकीट मिळेल.

आपली,
राजापूर तालुक्यातली एक मतदार